सात नंबरचा निरोप्या

मंडळी, आधीच सांगून टाकतो... इथले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय ते जेवताना हसायला मिळतं म्हणून. पिंपळावरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा, सगळं वाचायचं आणि खाली "भाऊ, झोप पूर्ण घेत जा" अशी कॉमेंट ठोकायची. हो, तो मीच! आमचं घर मूळ नेरचं. आजोबा कोर्टात लिहिण्याच्या कामाला, वडील सरकारी कचेरीत. घरात देवघर आहे, श्रावणात सत्यनारायणही होतो, पण भानामती किंवा अंगात येणं असा विषय निघाला की वडील पेपर खाली ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे — "पुरावा?" मी त्यांचाच पोरगा. त्यात माझा धंदा नेटवर्किंगचा. यवतमाळला छोटं ऑफिस आहे. आमच्या धंद्यात भूत नसतं, ढिली पिन असते, असं मी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलंय त्याला गणती नाही.

तरी आज लिहायला बसलोय. कारण या वेळी पुरावा माझ्याकडेच आहे. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि तो नेमकं काय सिद्ध करतो हेच मला कळत नाहीये!

जागा सांगतो. महागाव तालुका, फुलसावंगीच्या अंगाला एक कॉलेज आहे. नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. कॉलेजच्या दोन इमारती, मध्ये मैदान. जुन्या इमारतीत कॉम्प्युटर लॅब, मैदानापलीकडच्या इमारतीत मोठा हॉल. दिवस जानेवारीचे, तुरी कापणीला आलेल्या, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. कॉलेजला ऑनलाइन भरती परीक्षांचं केंद्र हवं होतं आणि दोन्हीकडच्या मशीन चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, पुढची सगळी गंमत यातच आहे. या कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कच नव्हती. बटण दाबलं की मशीन नेटवर्कवर ओरडते — "कोणी आहे का? मला पत्ता द्या, मला चालू करा!" जुन्या लॅबमधला सर्व्हर ती हाक ऐकतो, तिला पत्ता देतो, लागणारं सगळं पाठवतो आणि मशीन उभी राहते. एक सर्व्हर नीट केला की सगळ्या मशीन नीट. पण एक अडचण. ही हाक आपल्या हॉलपुरतीच जाते. मैदानापलीकडचा हॉल म्हणजे नेटवर्कच्या भाषेत वेगळं गाव. मध्ये राउटर बसलेला, तो असली आरडाओरड पलीकडे जाऊ देत नाही. मग मधे कोणीतरी लागतो, जो हाक ऐकेल आणि सर्व्हरपर्यंत पोचवेल. त्याला रिले म्हणतात.

त्या कॉलेजात त्याला निरोप्या म्हणायचे. हा शब्द वानखडे सरांचा. ही लॅब उभी केली ती या सरांनी. मी त्यांना कधी भेटलो नाही. मागच्या हिवाळ्यात शाळा-कॉलेजं सुरू असतानाच हार्ट अटॅकनं गेले. भंगारातल्या मशीन आणून, त्यांच्या बिघडलेल्या डिस्क काढून टाकून त्यांनी हे सगळं जोडलं होतं. मैदानापलीकडच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना डबा ठेवला होता, तोच त्यांचा निरोप्या. ते जायच्या आधीच्या पावसाळ्यात वीज पडली आणि तो डबा जळाला. मग हॉल बंदच पडला.

हे सगळं मला सांगितलं संगीता राठोडनं. ती तिथली लॅब असिस्टंट, सरांचीच विद्यार्थिनी, जवळच्या बंजारा तांड्यावरची. बोलायला एकदम फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "भाऊ, सरांनी जे पत्ते ठरवले ते बदलू नका बरं. आले सगळे इंजिनियर अन् लागले आपलं शहाणपण पाजळायले." मी सरांचा पत्त्यांचा आराखडा पाहिला. खरंच सुरेख होता. मी तसाच ठेवला.

सरांची आणखी एक पद्धत ती सोडायला तयार नव्हती. मशीन एकदम चालू करायच्या नाहीत. दाराजवळच्या पोरीनं आधी बटण दाबायचं. तिची मशीन उभी राहिली की तिनं मोठ्यानं म्हणायचं, "आला!" मग शेजारची. तिचा आला की तिच्या शेजारची. शेवटचा "आला" झाला की सर विचारायचे, "कोणी राह्यलं का?" आणि पोरी एका सुरात, "नाही सर, कोणी नाही राह्यलं!" तेव्हा कुठं तास सुरू व्हायचा. मी म्हटलं, ताई, आता चांगला इन्व्हर्टर आहे, एकदम चालू केल्या तरी चालतात. तर म्हणे, "लाईटचा सवाल नाही भाऊ. कोणाचं अडलं ते कानाले समजते."

आणि हे केंद्र तिला कशासाठी हवं होतं तेही सांगतो. तिची धाकटी बहीण पूजा. भरतीचा पेपर द्यायचा होता, वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. आणि पूजा पोटुशी, पेपरपर्यंत दिवस भरत येणार. दुसरं केंद्र थेट अमरावतीला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, एसटीचा लांबचा प्रवास अजिबात करायचा नाही. म्हणजे तपासणीत हे केंद्र पास झालं तर पूजाचा पेपर, नाहीतर कायमचं विसरा. तिच्यासारख्या आजूबाजूच्या गावांतल्या अन् तांड्यांवरच्या कितीतरी पोरी, पण संगीताच्या डोळ्यासमोर एकच चेहरा होता.

तपासणीचा दिवस उजाडला आणि सगळा विचका झाला.

कॉलेजनं आपल्या मनानं जो राउटर विकत आणला होता, त्यात रिलेची सोयच नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. दुसरा राउटर नागपूरहून बसनं मागवला, तर ते पार्सल कंडक्टरनं पुसदलाच उतरवून टाकलं! म्हटलं लॅपटॉपलाच रिले करू, तर त्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. रस्त्याच्या खोदकामात कॉलेजची इंटरनेटची लाईन तुटलेली, मोबाईलला रेंज म्हणजे आली आली म्हणेस्तोवर गेली. आणखी दोन-तीन उपाय होते, पण सगळ्यांना वेळ हवा होता. तपासणीचे साहेब दुपारी येणार होते ना, म्हटलं करू तोवर काहीतरी... आणि सकाळीच गाडी फाटकात हजर!

दोन साहेब होते. मोठे साहेब बोलायला शांत, पण कामाला एकदम कडक. जुनी लॅब पाहिली, ती झकास चालली. मग मैदान ओलांडून हॉलमध्ये आले. कॉलेजच्या पोरी मशीनसमोर बसवल्या होत्या. दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर पूजा. तिला उठायबसायला सोपं जावं म्हणून संगीतानंच तिथं बसवलं होतं.

"करा चालू. सगळ्या उमेदवार बसल्यात असं समजा," साहेब म्हणाले.

संगीता माझ्याजवळ सरकली. "भाऊ, काहून थांबले? सुरू करू द्या ना."

"ताई, होणार नाही," मी हळूच म्हटलं. "मधला निरोप्याच नाही. हाक तिकडं पोचणारच नाही."

तिचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना. पण पूजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेब करा म्हणाले, तिनं बटण दाबलं.

काळा पडदा. कोपऱ्यात एक छोटी रेघ गोल फिरायला लागली. मशीन हाका मारतेय याची ती खूण. हे चित्र मी जन्मभर पाहत आलोय. थोडा वेळ फिरणार, मग "कोणी सापडलं नाही" अशा अर्थाची ओळ येणार आणि खेळ खलास. मी साहेबांना काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होतो. "साहेब, त्याचं असं आहे की..." एवढं बोललो पण...

"आला!"

पूजाचा आवाज. मला वाटलं, हिचा काहीतरी घोळ झाला, एररलाच ती आला म्हणतेय. मी पुढं जाऊन पाहिलं. कॉलेजचं नाव, खाली परीक्षेचं पान. मशीन उभी होती! शेजारच्या पोरीनं बटण दाबलं. रेघ फिरली... "आला!" तिच्या शेजारची — "आला!" अरे काय चाललंय काय! रांग पुढं सरकत होती आणि मी एकेका मशीनपाशी वाकून पाहत होतो. दुसरी रांग... तिसरी... खिडकीजवळची शेवटची पोरगी तर आनंदानं किंचाळलीच, "आला!"

"हे तोंडानं कशासाठी सांगतात?" साहेबांनी विचारलं.

संगीताचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत. "आमच्या सरांची पद्धत हाय साहेब. कोणाचं अडलं ते लगेच समजते."

"चांगली पद्धत आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लगेच पोरींना नमुना पेपर सोडवायला लावला. तोही सुरळीत पार पडला. चहा-पोहे झाल्यावर जाताना प्राचार्या मॅडमना म्हणाले, "पुढच्या पेपरला तुमचं केंद्र धरा." पूजानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "याडी ये!" एवढंच बोलली. त्यांच्या बोलीत आई गं म्हणतात तसं. संगीता हसायची की रडायची तेच तिला उमजत नव्हतं.

आणि मी? मी जुन्या लॅबकडे पळालो. अक्षरशः पळालो, चप्पल मैदानातच राहिली! सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो, ती मागणी कोणामार्फत आली तेही त्यात येतं. पलीकडच्या हॉलमधल्या एकूण एक मशीनसमोर मध्यस्थ म्हणून एकच पत्ता होता. त्याच्या शेवटी आकडा सात. मी तर असं काहीच लावलं नव्हतं!

परत आलो. हॉल रिकामा झाला होता. संगीता खिडक्यांचे पडदे लावत होती, पूजा दाराजवळच्या खुर्चीवर टेकली होती.

"ताई, सात नंबर कोणाचा?"

तिचा हात पडद्यावरच थांबला. "सात? सात तं सरांच्या निरोप्याचा होता ना भाऊ. काहून?"

"तो डबा कुठं आहे?"

तिनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. त्या डब्यावरचंच पाणी मी आठवडाभर पीत होतो, मंडळी! पाण्याची कॅन ठेवायला त्याचं स्टूल केलं होतं. मी कॅन उतरवली, डबा ओढला. ना वीज, ना वायर. स्क्रू काढून पत्रा बाजूला केला तर आत सगळं रिकामं. मदरबोर्ड कधीच भंगारात गेलेला. मागच्या पत्र्याला फक्त एक नेटवर्क कार्ड स्क्रूनं अडकून राहिलं होतं, मधोमध जळून काळं पडलेलं. ते मी काढून हातात घेतलं.

मग लॅपटॉप हॉलच्या नेटवर्कला जोडला आणि सात नंबरच्या पत्त्याला हाक मारली.

उत्तर आलं.

पुन्हा आलं. पुन्हा. एकामागून एक ओळी, न चुकता. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. मला लहान पोरासारखा आनंद झाला होता! उड्या मारायच्या बाकी होत्या. म्हटलं आता पकडतो तुला, जो कोणी आहेस तो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक लांबलचक क्रमांक मिळतो, दुसऱ्या कोणाला तो सहसा नसतो. सात नंबरवरून जो बोलतोय त्याचा हा क्रमांक मी लॅपटॉपवर काढला. कार्डवरचा स्टिकर अर्धा जळलेला, पण आकडे दिसत होते.

"ताई, वाचा बरं."

संगीता एकेक अक्षर, एकेक आकडा वाचत गेली आणि मी स्क्रीनवर बोट सरकवत गेलो. सगळे जुळले. एकही चुकला नाही. जळकं कार्ड तिच्या तळहातावर होतं, आणि स्क्रीनवर तेच कार्ड उत्तर देत होतं.

"बाप्पा..." पूजा पोटावर हात ठेवून म्हणाली. "बाई, हे काय होय?" मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची.

संगीता त्या ओळींकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "भाऊ, आज कोणी विचारलंच नाही ना."

"काय?"

"साहेबांनी लगेच पेपरले बसवलं. शेवटचा आला झाला, पण 'कोणी राह्यलं का' असं कोणीच नाही विचारलं. अन् आपणही सांगितलं नाही." तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, ओढणी सारखी केली आणि सरांच्या जुन्या खुर्चीकडं तोंड करून, वर्गात उभं राहून बोलावं तसं म्हणाली, "सर, सगळे आले. कोणी नाही राह्यलं."

माझी नजर स्क्रीनवर होती. पुढची ओळ — उत्तर नाही. त्यापुढची — उत्तर नाही. मग उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही.

मी केबल पाहिली, स्विच पाहिला, सगळं जिथल्या तिथं. पुन्हा मशीन चालू करून पाहिल्या, एकही उभी राहिली नाही. रेघ फिरायची, थांबायची. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी रडू आलं. कोणासाठी ते विचारू नका. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही त्या माणसासाठी, दुसरं काय!

पुसदचं पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. नवा राउटर लावला, रिले बसवला, हॉल रीतसर सुरू झाला. तो जुना राउटर मी यवतमाळला घेऊन आलो आणि माझ्या टेबलावर सगळी मांडणी हुबेहूब तशीच करून पाहिली. हूं नाही की चूं नाही. ओळखीच्या बड्या बड्या लोकांना विचारलं. एक म्हणाला, कोणीतरी क्रमांक नक्कल केला असेल. कोणी, त्या बंद हॉलमध्ये? आणि कशावरून? दुसरा म्हणाला, झोप पूर्ण घेत जा. बसली ना आता माझीच कॉमेंट मला!

पण खरी गोष्ट पेपरच्या दिवसाची आहे.

बहीण परीक्षेला म्हणून संगीताला त्या दिवशी केंद्रावर ड्यूटी नव्हती. ती पूजाला घेऊन ऑटोनं येणार होती. आत मशीनपाशी मी. केंद्रावरचे अधिकारी अनोळखी, पोरी कुठल्या कुठल्या गावच्या. नवा राउटर असल्यानं सगळ्या मशीन झटक्यात उभ्या राहिल्या. "आला" म्हणणारं कोणी नव्हतं. आणि दाराजवळची पहिली खुर्ची रिकामी. मी सारखा फाटकाकडं पाहत होतो. फोन आत नेता येत नाही, विचारणार कसं? वेळ संपत आली. अधिकारी म्हणाले, "चला, दार लावून घ्या."

मला काय झालं कुणास ठाऊक. सगळ्यांसमोर, त्या गप्प हॉलमध्ये, मी बेंबीच्या देठापासून ओरडलो — "कोणी राह्यलं का?"

अधिकारी माझ्याकडं असे पाहायला लागले, जणू मला झटकाच आलाय. पोरी फिसकन हसल्या. आणि मैदानातून, फाटकाकडून आवाज आला, "हाव भाऊ! थांबा! आमची पूजा राह्यली!"

कापसाच्या गाड्यांत त्यांचा ऑटो अडकला होता. संगीता पूजाचा दंड धरून येत होती, पूजा एका हातानं पोट सावरत, दुसऱ्या हातात प्रवेशपत्र उंच धरून. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, दार लावणाऱ्याला हातानंच थांबवलं. पूजा आत आली, पहिल्या खुर्चीत बसली, धापा टाकत तिनं बटण दाबलं. रेघ फिरली, मशीन उभी राहिली. ती माझ्याकडं पाहून इतक्या हळू "आला" म्हणाली की मलाच ऐकू आलं.

पेपर चांगला गेला. पुढच्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. निकाल अजून लागायचा आहे.

ते जळकं कार्ड संगीतानं मला दिलं. "तुमच्यापाशी ठेवा भाऊ, तुम्हाले पुरावा लागते ना." मी वडिलांना दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, कार्ड बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. आता कुठंही काम संपवलं, सगळ्या मशीन उभ्या राहिल्या, की मी दार लावण्याआधी मोठ्यानं विचारतो, "कोणी राह्यलं का?" माझ्याकडची पोरं हसतात. हसू द्या. मी थोडा वेळ थांबतो, आणि मगच दार लावतो.